पूल आहे, पण हिवाळ्यात नाही

कॅनडातल्या शहरांत बागेतल्या पायऱ्यांच्या तोंडाशी, नदीकाठच्या वाटांवर आणि काही लहान पादचारी पुलांवर एक पाटी असते. ती बाराही महिने तिथेच असते, पण जुलैत तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. नोव्हेंबर लागला की ती एकदम बोलायला लागते. मजकूर एवढाच, की हिवाळ्यात देखभाल होत नाही, वापर स्वतःच्या जबाबदारीवर करावा. मराठी माणसाला ही भाषा परकी वाटण्याचे काही कारण नाही. ‘चपला हरवल्यास देवस्थान जबाबदार नाही’, ‘वाहने स्वतःच्या जबाबदारीवर लावावीत’, ‘प्रवाशांनी आपले सामान सांभाळावे’ अशा पाट्यांच्या सावलीतच आपण लहानाचे मोठे झालो. फरक इतकाच, की चपलांची जबाबदारी झटकणारे देवस्थान निदान देव तरी वर्षभर जागेवर ठेवते. इथे पाच महिने देवच रजेवर. त्या वाक्याचे व्याकरणही न्याहाळण्यासारखे आहे. ‘देखभाल होत नाही’ यात कर्ता नाही. कोण करत नाही, का करत नाही, न करण्याचा पगार कुणाला मिळतो, याचा पत्ता लागू न देता देखभाल आपली आपण होत नाही, जसा पाऊस आपला आपण पडतो. न केलेल्या कामाला हवामानाचा दर्जा देणारे याहून सफाईदार वाक्य सरकारी भाषेत सापडणे कठीण, आणि सरकारी भाषेत या बाबतीत स्पर्धा काही कमी नाही.

माझे म्हणणे असे, की पूल एकदाच बांधून होतो हा समज मुळात चुकीचा आहे. जिथे वर्षातले पाच महिने बर्फ पडतो तिथे पूल रोज पहाटे नव्याने बांधावा लागतो, आणि तो बांधणाऱ्याच्या हातात आराखडा नसून झाडू असतो. त्या पहाटे तो माणूस आला नाही तर नदीवर लोखंडाचा एक मोठा देखणा सांगाडा उभा आहे असे म्हणता येईल, पूल आहे असे म्हणता येणार नाही. हे म्हणणे पटायला अवघड नाही, तरी जगातल्या बहुतेक पालिकांना ते पटत नाही, कारण उद्घाटनाला कात्री लागते, फावडे लागत नाही. कोनशिलेवर नावे कोरायला जागा असते. फावड्याच्या दांड्यावर फार तर गोदामाचा क्रमांक रंगवलेला असतो. पूल बांधणे हा समारंभ आणि पूल झाडणे हा खर्च, अशी वाटणी हिशेबाच्या वहीतच झालेली असल्यामुळे पहिल्यासाठी कर्ज काढता येते आणि दुसऱ्यासाठी दरवर्षी हात पसरावे लागतात.

आता पूलच आधी का गोठतो ते पाहू, कारण ‘रस्ता तर कोरडा आहे, मग पुलावर काय झाले’ हा प्रश्न दर हिवाळ्यात नव्याने विचारला जातो. जमिनीवर झोपलेल्या माणसाला थंडी एका अंगाने लागते. सुंभाच्या उघड्या खाटेवर अंथरुणाशिवाय झोपलेल्याला ती वरून लागते आणि खालूनही लागते. रस्ता जमिनीला पाठ टेकून झोपलेला असतो, जमिनीत उन्हाळ्याची थोडी ऊब शिल्लक असते, ती त्याला मिळत राहते. पूल खाटेवरचा. त्याच्या खालून वारा वाहतो, तो दोन्ही बाजूंनी निवतो. अमेरिकेत मोटारींच्या रस्त्यांवर ‘रस्त्याआधी पूल गोठतो’ अशा अर्थाच्या पाट्या जागोजाग लावलेल्या असतात त्या याचसाठी. म्हणजे मोटारवाल्याला भौतिकशास्त्र शिकवायची सोय आहे. पायी चालणाऱ्याला ते स्वानुभवाने शिकावे लागते, बहुधा माकडहाडाच्या बाजूने.

आपल्या भाषेला हा पदार्थ नीट माहीत नाही हेही इथे कबूल करायला हवे. पावसासाठी मराठीत सर आहे, झड आहे, भुरभुर आहे, रिपरिप आहे, मुसळधार आहे. बर्फासाठी मात्र रोजच्या बोलण्यात एकच शब्द, आणि तोही मुख्यतः गोळ्याच्या आणि मासळीबाजाराच्या कामी आलेला. म्हणून एका सकाळचा हिशेब जवळून सांगतो. रात्री बोटभर बर्फ पडला. तो कापसासारखा भुसभुशीत असतो आणि त्या अवस्थेत तो कुणालाही पाडत नाही; लहान पोर केरसुणीने बाजूला करील इतका तो हलका. सहा वाजता पहिला माणूस चालून जातो. त्याच्या बुटाखाली बर्फ दबतो, तळव्याच्या खाचा त्यात उमटतात. सातपर्यंत तशी शेदोनशे पावले पडतात आणि एकमेकांवर चढतात. दहाला ऊन येते, दबलेल्या थराची वरची साय वितळते, पाणी पावलांच्या खळग्यांत साचते. साडेचारला सूर्य कलला की ते पाणी गोठते, आणि आता तिथे बुटांच्या आकाराचे, कडा उचललेले, काचेसारखे साचे तयार असतात, ज्यांत दुसऱ्या कुणाचाही पाय नेमका बसत नाही. सकाळी केरसुणीचे असलेले काम संध्याकाळी पहारीचे होते. म्हणजे हिवाळी देखभालीचा सगळा प्रश्न घड्याळाचा आहे. पहाटे पाचला जे दहा मिनिटांत होते ते दुसऱ्या दिवशी अकराला दोन माणसांना अर्धा दिवस पुरते, आणि तरीही नीट होत नाही. ‘सवडीने करू’ हे तत्त्व फायलींना लागू पडते, बर्फाला नाही.

कॅनडातल्याच कॅलगरी शहरात हे घड्याळ आणखी तिरके चालते. तिथे हिवाळ्यात रॉकी पर्वत ओलांडून चिनूक नावाचा कोरडा, उबदार वारा येतो आणि काही तासांत तापमान वीस-वीस अंशांनी चढवून ठेवतो. सकाळी उणे पंधरात गोठलेला माणूस दुपारी कोटाची बटणे काढतो. लोक या वाऱ्यावर लुब्ध आहेत. पुलांचे मुकादम नसावेत. कारण वितळणे आणि पुन्हा गोठणे हे चक्र जितके जास्त फिरेल तितके निसरडे जास्त होते. सलग उणे पंचवीस राहिले तर बर्फ कोरडा राहतो, पायाखाली कुरकुरतो आणि पाऊल धरतो. शून्याच्या आसपास रेंगाळणारा हिवाळा मात्र वरवर सौम्य आणि मनातून खुनशी असतो.

पूल साफ करणे रस्ता साफ करण्यापेक्षा सोपे असेल असे वाटते, लांबीच किती ती. प्रत्यक्षात उलटे आहे. शंभर मीटर लांब आणि चार मीटर रुंद पूल धरा. त्यावर वीतभर, म्हणजे वीस सेंटिमीटर, ताजा बर्फ पडला तर तो 80 घनमीटर झाला. ताजा बर्फ घनमीटरला साधारण शंभर किलो धरला तरी 8 टन. हे ओझे कुठे टाकणार? रस्त्यावर ते कडेला ढकलता येते. पुलाला कडा नसते, कठडा असतो. कठड्यावरून खाली फेकावे तर खाली कुठे रेल्वे, कुठे मोटारींचा रस्ता, कुठे नदी, आणि नदीत मीठ-वाळू मिसळलेला बर्फ ओतला तर पर्यावरण खाते दारात उभे. म्हणून तो पुलाच्या टोकापर्यंत वाहून न्यावा लागतो. मोठी बर्फगाडी पुलावर चढवता येत नाही. हजारो माणसांचे पसरलेले वजन सहज पेलणारा पूल एका जड गाडीच्या चार चाकांखाली कुरकुर करू शकतो. छोटे यंत्र आणावे तर त्याचे पाते पुलाच्या सांध्यांत आणि लाकडी फळ्यांच्या खिळ्यांत अडकते. या सगळ्यातून एखाद्या कामगाराने पूल चकचकीत केलाच, तर तेवढ्यात शेजारच्या रस्त्यावरून मोठी गाडी डौलात जाते आणि मोटारींचा मार्ग मोकळा करताना गुडघाभर उंचीचा, ढेकळांचा एक बांध बरोबर पुलाच्या तोंडाशी घालून निघून जाते. दोन्ही कामगारांनी आपापले काम चोख केलेले असते. मधला बांध कुणाच्याच खात्यात नसतो.

मग मीठ टाका, असे म्हणणारा गट प्रत्येक शहरात असतो आणि त्याला उत्तर द्यायलाच हवे. मीठ पाण्याचा गोठणबिंदू खाली आणते हे खरे. पण साधे मीठ उणे दहाच्या खाली फारसे चालत नाही, आणि त्यातले क्लोराइड पोलादाला आणि काँक्रीटमधल्या सळयांना गंज चढवते. थोडक्यात, माणूस घसरू नये म्हणून जे टाकायचे त्याने पूल घसरतो. यावर विकसित जगाने जे उपाय काढले आहेत ते वाचताना आपण पाककृतीचे सदर वाचत आहोत असे वाटू लागते. काही शहरे खारट पाण्यात बिटाचा रस मिसळतात. विस्कॉन्सिन हा अमेरिकेतला दूधदुभत्याचा प्रांत. तिथल्या मिलवॉकी शहराने 2013-14 च्या हिवाळ्यात चीजच्या कारखान्यांतून उरलेले खारे पाणी रस्त्यांवर शिंपडून पाहिले. गंज न चढवणारा कॅल्शियम मॅग्नेशियम ॲसिटेट नावाचा क्षार आहे, तो व्हिनेगरच्या घराण्यातला, आणि मिठाच्या कित्येक पट महाग. मीठ झाले, बीट झाले, चीज झाले, व्हिनेगर झाले. फोडणी तेवढी राहिली आहे. यातले काहीही वाईट नाही. पण हे सगळे दबलेल्या, गोठलेल्या, उशीर झालेल्या बर्फावरचे औषधोपचार आहेत. भुसभुशीत बर्फावर पहाटे झाडू फिरला तर मीठ चिमूटभर पुरते. मिठाचा आक्षेप हा खरे म्हणजे झाडूच्या बाजूचाच पुरावा आहे.

तापवलेल्या जमिनीचाही पर्याय आहे. अमेरिकेतल्या मिशिगनमधल्या हॉलंड शहरात 1988 पासून मध्यवस्तीतल्या फुटपाथांखालून गरम पाण्याच्या नळ्या फिरवल्या आहेत. आइसलंडमधल्या रेक्याविकमध्ये घरे तापवून परत येणारे भूगर्भातले कोमट पाणी तेच काम करते. ज्याच्या पायाखाली ज्वालामुखी आहे त्याने जरूर करावे. बाकीच्यांनी झाडूवाल्याचा पगार वाढवणे स्वस्त पडेल.

आता खर्चावर बोट ठेवणाऱ्यांकडे वळू. कॅलगरीत बो नदीवर पीस ब्रिज नावाचा पादचारी पूल आहे. सांतियागो कालात्राव्हा या नामवंत स्पॅनिश वास्तुकाराने काढलेला, लाल रंगाची पिळाची नळी असावी असा, सव्वाशे मीटर लांब, नदीत एकही खांब न रोवता उभा. मार्च 2012 मध्ये तो खुला झाला. खर्च 2 कोटी 45 लाख कॅनेडियन डॉलर, आणि त्यावरून शहरात जे वाद पेटले त्यांनी दोनतीन हिवाळे सहज उबदार राहिले असतील. पायी चालणाऱ्यांसाठी इतका पैसा? बोटे अडकवायच्या चिनी खेळण्यासारखा हा आकार कशाला? हे सगळे प्रश्न विचारायला हरकत नव्हती. पण पुलाला वरून छप्पर आहे, पालिका तो आणि नदीकाठच्या शेकडो किलोमीटर वाटा हिवाळ्यात साफ करते, आणि जानेवारीच्या सकाळी लोक त्यावरून कामाला जातात, हा त्या पुलाचा सर्वांत मोठा गुण कुठल्याही बाजूच्या भाषणात ठळकपणे आला नाही. तिथे स्थायिक झालेल्या मराठी मुलांचे आईवडील जूनमध्ये येतात, लाल पुलावर उभे राहून फोटो काढतात आणि सप्टेंबरात परततात, त्यामुळे नातेवाइकांच्या समजुतीत कॅनडा हा कायम हिरवागार देश आहे. जानेवारीत फोनवर ‘अरे, कानाला काही बांधलंस का?’ एवढ्यावर हवामानशास्त्र संपते. पूल साफ होता का, हा प्रश्न कुणी विचारत नाही, आणि हीच त्या झाडूवाल्याला मिळणारी पावती. त्याचे काम चांगले झाले की ते दिसत नाही.

याच वास्तुकाराचे दुसरे दोन पूल त्या दृष्टीने बोधप्रद आहेत. स्पेनमधल्या बिल्बाओतला सुबिसुरी, म्हणजे बास्क भाषेत ‘पांढरा पूल’, 1997 मध्ये खुला झाला. त्याची जमीन काचेच्या फरश्यांची. बिल्बाओ हे पावसाळी शहर आहे ही माहिती गुप्त नव्हती. लोक घसरले, फरश्या फुटल्या, आणि शेवटी पालिकेने त्या पारदर्शक स्वप्नावर काळ्या रबराची चटई अंथरली. गंमत अशी, की त्याच पुलाला पालिकेने दुसऱ्या वास्तुकाराकडून एक जोडवाट काढून घेतली तेव्हा मूळ कलाकृतीला धक्का लागला म्हणून कालात्राव्हा कोर्टात गेले आणि त्यांना 30 हजार युरो भरपाई मिळाली. पुलाच्या भावना दुखावल्या तर न्याय मिळतो, घोट्याचे काय ते घोट्याने पाहावे. व्हेनिसमध्ये 2008 साली ग्रँड कॅनॉलवरचा चौथा पूल झाला, त्याच्याही पायऱ्यांत काच. व्हेनिसला बर्फ क्वचित. पण हिवाळ्यात धुके आणि ओल कायमची, आणि रेल्वे स्टेशनाकडून चाके लावलेल्या बॅगा ओढत येणाऱ्यांची रांग अखंड. पुन्हा तेच. 2019 मध्ये इटलीच्या लेखापरीक्षा न्यायालयाने वास्तुकाराला 78 हजार युरोंचा दंड केला, आणि 2022 च्या सुरुवातीला पालिकेने पाच लाख युरो खर्चून काचेऐवजी ट्रॅकाइट दगड बसवायचे ठरवले. ट्रॅकाइट म्हणजे तोच दगड, ज्याने व्हेनिसच्या गल्ल्या शतकानुशतके फरसबंद आहेत. शहराला उत्तर ठाऊक होते; ते रोज त्याच्यावरूनच चालत होते.

त्याच पुलावर व्हीलचेअरवाल्यांसाठी आधी काहीच सोय नव्हती. ओरड झाल्यावर कठड्याबाहेरून सरकणारी अंड्याच्या आकाराची एक लाल केबिन बसवण्यात आली. ती कूर्मगतीने चाले, उन्हाळ्यात आत भट्टी होई आणि बऱ्याचदा बंद असे. 2020 मध्ये ती काढून टाकली. या अंड्यातून जे बाहेर आले ते महत्त्वाचे आहे. ‘पूल सर्वांसाठी खुला’ हे वाक्य धडधाकट माणसाला समोर ठेवून लिहिले तर ते नेहमीच खरे असते. त्याची परीक्षा वाईटातल्या वाईट सकाळी, सर्वांत अडलेल्या माणसावर घ्यायची असते. वीतभर बर्फातून तिशीतला गडी बूट आपटत जाईल आणि वर त्याला साहस वाटेल. बाबागाडी ढकलणारी बाई, काठीवाले आजोबा आणि व्हीलचेअर यांच्यासाठी तीच वीत म्हणजे भिंत.

इथे हमखास एक आकडेबहाद्दर उभा राहतो आणि सांगतो, की हिवाळ्यात या पुलावरून जातेच कोण, आमच्याकडे मोजणी आहे. मोजणी खरी असते. न झाडलेल्या पुलावर उभे राहून माणसे मोजायची आणि माणसे नाहीत म्हणून झाडायचे नाही, हे म्हणजे खानावळीला कुलूप लावून गावात भूक नाही असा अहवाल देण्यासारखे आहे. फिनलंडमधले ओउलू हे शहर आर्क्टिक वृत्ताच्या जरासे खाली, 65 अंश अक्षांशावर आहे. तिथे पायी आणि सायकलच्या शेकडो किलोमीटर वाटा हिवाळ्यात अग्रक्रमाने साफ करतात, आणि उणे वीसमध्ये पोरे सायकलीवरून शाळेत जातात. त्यांच्या रक्तात काही वेगळे नाही. रस्ता झाडलेला असतो, इतकेच.

स्वीडनमध्ये कार्ल्सकूगा या गावाने 2011 च्या सुमारास आपली सगळी धोरणे स्त्री-पुरुष समतेच्या कसोटीवर तपासायला घेतली. तेव्हा कुणीतरी थट्टेने म्हटले, की निदान बर्फ काढण्यात तरी हे लोक नाक खुपसणार नाहीत. बर्फ काय, पडताना स्त्री-पुरुष बघतो का? मग कुणीतरी खरेच तपासले. बर्फ बघत नव्हता, पण बर्फगाडी बघत होती. आधी मोठे रस्ते, मग आडरस्ते, सगळ्यात शेवटी पायवाटा असा तिचा क्रम. मोटारीने जाणाऱ्यांत पुरुष जास्त, पायी आणि बसने जाणाऱ्यांत बाया जास्त. शिवाय निसरड्यावर पडून दवाखान्यात पोचणाऱ्यांत पायी चालणारेच बहुसंख्य. मोटार चार बोटे बर्फातून जाते, बाबागाडी जात नाही, एवढा साधा विचार करून त्यांनी क्रम उलटा केला. खर्च वाढला नाही. गाडी तीच, सुरुवात दुसऱ्या टोकाने. पुढे स्टॉकहोमनेही हे धोरण उचलले आणि नोव्हेंबर 2016 मध्ये तिथे एका दिवसात 39 सेंटिमीटर बर्फ पडला, नोव्हेंबरात एकशे अकरा वर्षांत पडला नव्हता इतका. शहर ठप्प झाले आणि जगभरच्या टवाळांना सण मिळाला: बघा, समतेने बस अडकवली! हा आक्षेप टाळण्यासारखा नाही, कारण धोरण कागदावर असणे आणि त्यासाठी पुरेशा लहान गाड्या हाताशी असणे यात स्टॉकहोमएवढे अंतर असू शकते. पण एकशे अकरा वर्षांतल्या विक्रमी बर्फावरून रोजच्या क्रमाचा निकाल लावायचा, तर 26 जुलै 2005 च्या पावसावरून मुंबईत छत्री निरुपयोगी ठरते. अशा दिवशी कुठलाही क्रम हरतो. क्रमाचा प्रश्न उरलेल्या दिवसांचा.

सगळ्यात हुशार आक्षेप मात्र वेगळा आहे. बर्फ झाडत कशाला बसता, पूलच बंदिस्त करा आणि आत हीटर लावा. कॅलगरीने हे केलेही आहे. 1970 पासून तिथे ‘प्लस फिफ्टीन’ नावाचे काचबंद पूल इमारतींना जोडत गेले. रस्त्यापासून पंधरा फुटांवर म्हणून हे नाव. आज ते जाळे सुमारे 16 किलोमीटरचे आहे. अमेरिकेतल्या मिनियापोलिसचे स्कायवे त्याआधीचे, 1962 पासूनचे. बाहेर उणे तीस असताना आत सदऱ्यावर फिरता येते, हे सुख मी नाकारणार नाही. पण हे पूल एका खासगी इमारतीतून निघून दुसरीत शिरतात, म्हणून त्यांना दारे आहेत, दारांना वेळापत्रक आहे आणि वेळापत्रकाला रखवालदार आहे. ऑफिसे सुटली, दुकाने मिटली की पूलही मिटतो. ज्याच्याकडे ऑफिस नाही, घरही नाही आणि ज्याला उणे तीसची झळ सर्वांत जास्त आहे, त्यानेच तिथे फार रेंगाळू नये अशी अपेक्षा असते. शिवाय सगळी चालणारी माणसे वर गेली की खालचा रस्ता ओस पडतो, आणि तो झाडायची निकड आणखी कमी होते. स्कायवॉक हा शब्द मुंबईकरांना वेगळा समजावून सांगायला नको. 2008 मध्ये वांद्र्याला पहिला झाला, पुढे डझनांनी झाले. आपल्याकडे बर्फाचे काम पाऊस, गंज आणि बंद पडलेले दिवे करतात. वांद्र्याचा तो पहिला स्कायवॉक दहाबारा वर्षांत धोकादायक ठरून पाडावा लागला. पोलाद चालणाऱ्यांनी झिजले नव्हते.

उरला कायदा. कॅलगरी ज्या आल्बर्टा प्रांतात आहे तिथला नगरपालिका कायदा सांगतो, की रस्त्यावरच्या किंवा फुटपाथवरच्या बर्फाने कुणाला इजा झाली तर पालिका जबाबदार फक्त तेव्हाच, जेव्हा तिचा निष्काळजीपणा घोर असेल. साधा निष्काळजीपणा माफ. शिवाय पडल्यापासून 21 दिवसांत पालिकेला लेखी कळवावे लागते. उजवा हात प्लास्टरमध्ये असलेल्याने डाव्या हाताने लिहावे. उलट घरमालकाने आपल्या दारापुढचा फुटपाथ बर्फ थांबल्यापासून 24 तासांत साफ केला पाहिजे, नाहीतर दंड. यामागे तर्क नाही असे नाही: लाखो मीटर वाटांवरच्या प्रत्येक घसरणीचा दावा भरायचा म्हटले तर पालिका झाडू विकून वकील नेमेल. मला तो तर्क मान्य आहे. मान्य नाही ती त्यापुढची उडी, की भरपाईतून सुटका आहे म्हणजे कामातूनही सुटका आहे. इशारा देणे हा जुना आणि सन्मान्य प्रकार आहे. लंडनच्या मिलेनियम ब्रिजची दुरुस्ती 2023 मध्ये चालू होती, खालून जाणाऱ्या बोटींसाठी उंची कमी झाली होती. तेव्हा टेम्स नदीच्या जुन्या नियमाप्रमाणे पुलाला रीतसर गवताची पेंढी टांगली. जग हसले. पण ती पेंढी काम चालू होते म्हणून टांगली होती. कॅनडातली पाटी काम चालू नाही म्हणून टांगतात.

‘बंद ठेवणे सर्वांत सुरक्षित’ असेही कुणी म्हणते. पुलापुरते खरे आहे. बंद पुलावर कुणी पडत नाही. पण नदी बंद होत नाही, पलीकडची नोकरी बंद होत नाही. आडव्या लावलेल्या लोखंडी जाळीच्या बाजूला दुसऱ्याच दिवशी बर्फात एक पाऊलवाट दिसते, आणि काही बहाद्दर सरळ गोठलेल्या नदीवरून जातात, ज्यावर अग्निशमन दल दर हिवाळ्यात न चुकता ‘बर्फावर उतरू नका’ असे बजावते. ते बजावणारे जवान तिथवर पोचतात, कारण त्यांच्या गाडीचा रस्ता साफ असतो.

आणि ती पाटी. तीही कुणीतरी उभारलेली असते. खांब रोवावा लागतो, बोल्ट आवळावे लागतात, रंग उडाला की बदलावी लागते, ओटावासारख्या शहरात मजकूर इंग्रजी आणि फ्रेंच अशा दोन भाषांत तपासून घ्यावा लागतो. हिवाळ्यात देखभाल होत नाही हे सांगणारी पाटी हिवाळ्यात वाचता यावी यासाठी तिचीही देखभाल लागते. वाऱ्याने वाहून आलेला ओला बर्फ तिच्यावर थापला जातो, आणि नेमक्या ज्या सकाळी ती वाचण्याची गरज असते त्या सकाळी तिच्यावर पांढऱ्याशिवाय काही दिसत नाही. मग एखाद्या चालणाऱ्यालाच हातमोज्याने ती पुसून बघावी लागते, स्वतःच्या जबाबदारीवर.